फुलीचा रकाना

मंगळवार, अंगारकी. रात्री साडेदहा.

आज उपास धरला नाही. लग्नाला अकरा वर्षं झाली, एकही संकष्टी चुकली नव्हती. बाळंतपणातसुद्धा नाही. तेव्हा सासूबाई ओरडल्या होत्या, पण शेजारच्या काकूंना सांगताना त्यांच्या आवाजात कौतुक होतं.

थेरपी सुरू होऊन पाच आठवडे झाले. नळ स्टॉपजवळची एक गल्ली, पहिला मजला. पहिल्या दिवशी खालच्या झेरॉक्सच्या दुकानापाशी पोचून दोनदा परत फिरले. कुणी ओळखीचं भेटलंच तर सांगायला मुलीच्या प्रोजेक्टची पानं पिशवीत ठेवली होती! पुण्यात कुणी जरा विचित्र वागलं की आपण सहज म्हणतो, "येरवड्याला जागा आहे का बघा." मीही म्हणत आलेय. जिना चढताना नेमकं तेच आठवत होतं.

त्याआधी एका रात्री गॅलरीत जाऊन 14416 ला फोन केला होता. टेलि-मानस, सरकारी, मोफत, मराठीत बोलता येतं. "किती दिवसांपासून होतंय?" असं पलीकडून विचारलं, तर मी म्हटलं, "दिवसा नाही होत, रात्री होतं."

मॅडमनी एक तक्ता दिलाय. वेळ, काय खाल्लं, कुठे, आणि एक रकाना फुलीचा. जे खाणं जास्त झालं असं वाटेल, त्यापुढे फुली. त्यांच्या नाही, माझ्या मताने. खाल्लं की लगेच लिहायचं. ऑक्सफर्डच्या ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी बसवलेल्या उपचारपद्धतीतला हा तक्ता. साधारण वीस सत्रांचं काम. पहिल्या आठवड्यात मी चक्क खोटं लिहिलं. वर्गात गृहपाठाची नक्कल करणारी मुलं रोज पकडणारी मी! दुसऱ्या आठवड्यात खरं लिहिलं: रात्री दीड, शंकरपाळ्यांचा अख्खा डबा, ओट्याशी उभ्याने, दिवा न लावता. फुली, फुली, फुली.

अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत बिंज ईटिंग हा 2013 पासून स्वतंत्र आजार आहे, हे मॅडमकडून कळलं. मला त्याचं एकच नाव माहीत होतं, खादाडपणा.

मग त्या म्हणाल्या, फुल्या कुठल्या दिवशी पडतात ते बघा. घरी कालनिर्णय काढलं आणि ओट्याशी उभी राहून मोजत बसले. संकष्टी, एकादशी, गुरुवार. मला वाटायचं, रात्री ताबा सुटतो म्हणून मी दुसऱ्या दिवशी उपास धरते. मॅडमनी कागदावर तोच बाण उलटा काढला. दिवसभर उपाशी ठेवलेलं पोट रात्री वसुली करतं. म्हणून आता तीन जेवणं, मधे दोनदा काहीतरी, आणि चार तासांच्या वर पोट रिकामं ठेवायचं नाही.

पटतं. तरी उपास सुटता सुटत नव्हता. घरात दुसऱ्या कशालाही नाही म्हटलं की कारण द्यावं लागतं. उपासाला लागत नाही, उलट शाबासकी मिळते. (बाबा गेले, त्यावर अजून बोलणं झालेलं नाही. तो विषय जवळ आला की मी घड्याळ बघते.)

आज सकाळी सासूबाई साबुदाणा परतत होत्या. म्हटलं, "आई, मी आज उपास धरणार नाही. डॉक्टरांनी सांगितलंय."

"ॲसिडिटी का गं?"

"नाही. रात्री डबे रिकामे होतात ना, ते मी करते."

झारा हलत राहिला. मग म्हणाल्या, "माहितीय मला. म्हणून तर शंकरपाळे जास्तीचे करून ठेवते."

मला काही बोलताच येईना. तशीच पोह्यांची बशी घेऊन टेबलाशी बसले.

रात्री चंद्र दिसल्यावर त्यांनी उपास सोडला, मीही पानावर बसले. तक्त्यात लिहिलंय: 9.50, वरण-भात, उकडीचे मोदक तीन, तूप. जागा, टेबल. तिसऱ्या मोदकापुढे फुली आहे. तो भुकेने खाल्ला की त्यांनी आग्रहाने वाढला म्हणून, हे काही केल्या ठरत नाहीये. गुरुवारी विचारीन.