गेला गेला म्हणता म्हणता...

मुदत संपलेला अँटीव्हायरस सकाळी अनइन्स्टॉल केला आणि हुश्श म्हटलं. कसलं काय! रीस्टार्ट केल्यावर कोपऱ्यात पुन्हा तोच, 'रिन्यू करा' म्हणत हजर. प्रोग्राम फाइल्समधला त्याचा फोल्डर डिलीट करायला गेले तर म्हणे परवानगी नाही. माझ्याच कॉम्प्युटरवर मलाच!

त्याचे पडद्यामागचे भाग, म्हणजे सर्व्हिस आणि ड्रायव्हर, चालूच होते. त्यामुळे विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस, डिफेंडरही, पहाऱ्याला दुसरा कोणी आहे असं समजून, गप्प बसलेला. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सगळ्या सेटिंग्जच्या कोठारात, हात घालायचा मोह झाला, पण आवरला. शेवटी त्याच कंपनीचं वेगळं रिमूव्हल टूल डाउनलोड केलं, सेफ मोडमध्ये (विंडोज अगदी गरजेपुरतंच चालू होतं तेव्हा) चालवलं, परत रीस्टार्ट. डिफेंडरवर हिरवी टिक उगवली एकदाची.

एक रिकामा फोल्डर अजून आहे. असू दे बापडा.