धूमकेतूची शेपटी अन् धुळीचा एकेक कण

धूमकेतू शेपटीच्या उलट दिशेनं पळून राहिला, असं बऱ्याच जणांना वाटते. पण सूर्याकडून परत जाताना शेपटी चक्क त्याच्या पुढे असते, कारण तिची दिशा धूमकेतू नाही, सूर्य ठरवतो.

त्यातही मला सगळ्यात भारी वाटते ती धूळ. निळी सरळ शेपटी आयनांची, म्हणजे विजेचा भार असलेल्या वायूच्या कणांची, तिला सौरवारा (सूर्यातून सतत सुटणारा भारित कणांचा झोत) घेऊन जातो. पिवळसर, बाक असलेली ती धुळीची, सूर्याच्या उजेडानं दिसणारी. धूमकेतूतल्या बर्फाची वाफ होताना धुळीचा कण सुटतो, आणि एकदा सुटला की तो सूर्याभोवती स्वतःच्या वेगळ्या कक्षेत फिरायला लागतो. गुरुत्वाकर्षण आत ओढते, प्रकाशाचा दाब बाहेर ढकलतो, अन् दोन्ही अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतात म्हणून त्यांचं गुणोत्तर एका कणासाठी कुठेही गेलं तरी तेच राहते, म्हणजे त्या कणापुरता सूर्यच हलका झाला! दाब क्षेत्रफळावर आणि वजन घनफळावर, त्यामुळे मायक्रॉनभराचे (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे) कण लांब फेकले जातात, मिलिमीटरवाले जवळपास धूमकेतूच्याच वाटेवर राहतात. खळ्यावर उपणताना कोंडा लांब उडतो अन् दाणा पायाशी पडतो, तसं. बाहेर गेलेला कण सूर्याभोवती फिरण्यात मागे पडतो, तोच शेपटीचा बाक.

ऑक्टोबर 2024 मध्ये त्सुचिनशान-अ‍ॅटलास हा धूमकेतू आला तेव्हा दसरा झाल्यावर आम्ही पेंचकडे सिल्लारीला गेलो होतो, नागपुरात पश्चिमेला लाइटच एवढे की काही खरं नाही. (पेंचला जानेवारी 2024 मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क (रात्रीचा अंधार जपलेलं ठिकाण) म्हणून मान्यता मिळाली, याचा विदर्भवाल्यांनी जरा अभिमान बाळगावा.) कोजागिरी तोंडावर, चांदणं भरपूर, तरी ट्रायपॉडवर काही सेकंदांचं एक्सपोजर दिलं की स्क्रीनवर शेपटी उमटायची. त्याच दिवसांत जगभरच्या फोटोंमध्ये सूर्याच्या दिशेनंही एक बारीक सुई दिसून राहिली होती. ती प्रतिशेपटी. 14 ऑक्टोबरच्या आसपास पृथ्वी धूमकेतूच्या कक्षेच्या प्रतलातून (कक्षा ज्या सपाट पातळीत असते तिच्यातून) गेली, अन् तिथं मागे राहिलेल्या मोठ्या कणांची पातळ चादर आपल्याला कडेनं दिसली, म्हणून ती सुई. कण सूर्याकडे काही धावत नव्हते.

हे मोठे कण लवकर संपत नाहीत. हॅलेचा धूमकेतू आता 2061 मध्ये येणार, पण त्याचे कण दरवर्षी 21 ऑक्टोबरच्या सुमारास आपल्या वातावरणात सेकंदाला 66 किलोमीटर वेगानं शिरतात, त्या ओरायनिड उल्का. चंद्र नसेल त्या वर्षी मध्यरात्रीनंतर शहराबाहेर जा, अन् निदान तासभर तरी मोबाइल खिशात ठेवा.