तिरंगी वाकळ आणि बाटिकचा चरखा : एप्रिल ते ऑगस्टची नोंद

गहू-हरभरा घरात आला की आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात वाकळी शिवायचे दिवस सुरू होतात. शेतात काम नसते, शिवलेले वाळवायला ऊन भरपूर असते आणि दुपारी ओसरीवर बसण्यावाचून दुसरा इलाजही नसतो. यंदा आम्ही सात जणींनी नेहमीच्या लुगड्यांच्या वाकळीऐवजी केशरी, पांढऱ्या आणि हिरव्या रंगांची एक मोठी बाटिकची, म्हणजे मेणाने नक्षी राखून रंगवलेल्या कापडाची, गोधडी शिवून ती १५ ऑगस्टला गावातील एका निवृत्त फौजीला द्यायचे ठरवले. अमेरिकेत २००३ पासून 'क्विल्ट्स ऑफ व्हॅलर' या नावाने सैनिकांना गोधड्या दिल्या जातात. तिकडच्या लाल-पांढऱ्या-निळ्या गोधड्यांची छायाचित्रे आमच्यातल्या धाकटीने मोबाइलवर दाखवली होती आणि तेव्हापासून हा विषय कोणाच्याच डोक्यातून जात नव्हता.

पहिला आराखडा सरळ होता : वर केशरी पट्टा, मध्ये पांढरा, खाली हिरवा आणि मधोमध निळे चक्र. आमच्यातल्या सर्वांत वयस्कर आजींनी कागद हातात घेतला आणि विचारले, "झेंड्यावर निजाचं काय वं पोरीहो? मी त नाई निजत."

आजींनी ध्वजसंहिता वाचलेली नाही, पण त्यांचे म्हणणे नेमके होते. २६ जानेवारी २००२ पासून लागू असलेल्या भारतीय ध्वजसंहितेनुसार राष्ट्रध्वज आच्छादन म्हणून वापरता येत नाही आणि उशा, हातरुमाल यांसारख्या वस्तूंवर तो भरता किंवा छापताही येत नाही. अमेरिकी मैत्रिणी आपल्या झेंड्याचे तारे आणि पट्टे गोधडीवर खुशाल शिवतात; ती मोकळीक आपल्याकडे नाही आणि माझ्या मते त्यात काही बिघडतही नाही. रंग घ्यावेत, झेंडा घेऊ नये, एवढे ठरले. मग तिन्ही रंग त्रिकोणांमध्ये विखुरले, चक्राऐवजी मध्यभागी चरखा घेतला, आणि काँग्रेसच्या १९३१ च्या ध्वजावरही पांढऱ्या पट्ट्यात चरखाच होता हे लक्षात आल्यावर तो पांढऱ्यावर न काढता गडद निळ्या जमिनीवर काढायचा निर्णय झाला. लांबी-रुंदीतही मी थोडा हट्ट केला. ६० बाय ९० इंच हे माप सोयीचे होते, पण ते तंतोतंत ध्वजाचे ३:२ प्रमाण ठरते, म्हणून ६० बाय ८४ घेतले. माझ्या या हट्टाला सगळ्या हसल्या.

या मापात सहा इंचांचे १४० घर बसतात. मधले १६ घर चरख्याच्या २४ इंची चौकोनाला गेले आणि १२४ उरले. त्यासाठी सात इंचांचे ६२ पांढरे आणि ६२ रंगीत चौकोन कापले : केशरी २२, हिरवे २२, निळे १८. पांढरा आणि रंगीत चौकोन एकमेकांवर ठेवून कर्णाच्या दोन्ही अंगांना पाव इंचावर टीप मारायची, कर्णावर कापायचे आणि उलगडून साडेसहा इंचांवर छाटायचे, की एका जोडीतून दोन घर तयार होतात. ज्यांनी हे केलेले नाही त्यांनी छाटणीचा कंटाळा करू नये, कारण आमच्या पहिल्या दोन ओळी तेवढ्याच आळसामुळे उसवाव्या लागल्या.

रंगीत कापडाचा बराचसा भाग महाकालच्या दर्शनाला गेलेल्या एका मैत्रिणीने उज्जैनजवळच्या भैरवगढहून आणला. चरख्याचा चौकोन मात्र आम्ही घरीच खादीवर केला आणि या उन्हाळ्यातली खरी मजा तिथेच होती. बाटिकमध्ये जिथे मेण बसते तिथे रंग चढत नाही, म्हणून चरख्याची प्रत्येक रेघ आधी वितळलेल्या मेणाने काढावी लागते. दोन वाट्या पॅराफिनला एक वाटी मधमाशांचे मेण, असे आमचे प्रमाण होते. पॅराफिन तडकते आणि मधाचे मेण लवचीक राहते, त्यामुळे भेगा किती हव्यात ते या मिश्रणावर ठरवता येते. निदान पुस्तकी हिशेब तसा आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना आमचे मेण तडकायला तयारच होईना. कापड चुरगाळले की ते नुसते वाकायचे. शेवटी पहाटे पाच वाजता, रात्रभर माठात गार झालेले पाणी घमेल्यात ओतून त्यात कापड बुडवले, तेव्हा कुठे मेणाला बारीक भेगा गेल्या आणि त्यांतून निळा रंग शिरला. दुसरी अडचण खादीची होती. तिचा धागा जाड आणि कमी-जास्त असतो, त्यामुळे एका बाजूने लावलेले मेण आरपार जात नाही. ते मागूनही लावावे लागते. रंग थंड पाण्यात, धुण्याचा सोडा घालून चढवला, आणि नंतर कापड उकळत्या पाण्यात टाकून वर तरंगणारे मेण पळीने काढून घेतले. अशोकचक्र वाटू नये म्हणून चाकाला आरे मुद्दाम आठच ठेवले. इंडोनेशियाच्या बाटिकला २००९ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत स्थान मिळाले आणि तिथे २ ऑक्टोबर हा बाटिक दिवस पाळतात; गांधीजी १९३६ मध्ये ज्या शेगावात येऊन राहिले आणि ज्याचे पुढे सेवाग्राम झाले, त्याच जिल्ह्यात बसून चरख्याचे बाटिक करणाऱ्या आम्हाला त्या तारखेची गंमत वाटली.

जूनमध्ये पेरणी, त्यामुळे काम बंद.

जुलैत हाताने धावदोरा घालायला बसलो आणि बाटिकचा दुसरा स्वभाव कळला. हे कापड इतके घट्ट विणलेले असते की नेहमीची ७ नंबरची सुई आत शिरताना किरकिरते आणि अंगठ्याला घट्टा पडतो. त्यात आम्ही सवयीने जुन्या नऊवारीचे तीन थर आत घातले होते. ते काढून एका मऊ झालेल्या धोतराचा एकच थर ठेवला आणि १० नंबरची बारीक सुई घेतली, तेव्हा हात चालू लागला. टाका चुकवू नये, कारण उसवल्यावर बाटिकवर भोके दिसत राहतात. ओले बोट फिरवून नखाने घासले तर ती थोडीफार मिटतात. आम्ही चौघी चार काठांवर बसून आत सरकत गेलो आणि उरलेल्या तिघी सुया ओवून देत होत्या. कोणता काठ कोणाचा, हे आता मी डोळे मिटून बोटांनी सांगू शकते : आजींचा टाका तांदळाएवढा, माझा गव्हाएवढा आणि धाकटीचा राग आला असेल त्या दिवशी हरभऱ्याएवढा.

नागपंचमीला आमच्याकडे सुई-कात्री हातात घेत नाहीत. त्या दिवशी गोधडी मांडीवर पसरून नुसत्या बसलो आणि आजींनी आष्टीची गोष्ट सांगितली. १६ ऑगस्ट १९४२ ला, चले जाव चळवळीत, तिथे आणि चिमूरला गोळीबार झाला तेव्हाही नागपंचमीच होती, आणि त्यांच्या सासूबाईंनी तेव्हापासून तो सण कधी गोडाधोडाने केला नाही.

आता चुकीची कबुली. हिरवे कापड कमी पडले म्हणून मी एका प्रदर्शनातून दोन मीटर घेतले आणि घाईत ते आधी धुतले नाही. धावदोरा पूर्ण झाल्यावर पहिल्या पाण्यात त्याचा रंग सुटला आणि सहा घरांतली पांढरी खादी पोपटी झाली. मिठाच्या पाण्यात टाका, असे शेजारणी म्हणाल्या. त्याने काहीही झाले नाही. मोठ्या टाकीत सोसवेल इतके गरम पाणी आणि भांड्यांचे लिक्विड भरपूर घालून गोधडी रात्रभर मोकळी बुडवून ठेवली आणि तीन वेळा पाणी बदलले, तेव्हा चार घर स्वच्छ निघाले. उरलेल्या दोनांवर पांढऱ्या खादीची कापसाची बोंडे कापून लावली. पाहणाऱ्याला ती मुद्दाम केलेली वाटतात आणि मी अजून कोणाला खरे सांगितलेले नाही. नवीन बाटिक घेतले की त्यावर ओला पांढरा फडका दाबून पाहा. फडक्यावर रंग उतरला तर ते कापड वेगळे धुवा.

१४ ऑगस्टच्या संध्याकाळी काठ तुरपून झाला. देण्याआधी आजी ओसरीवर गोधडी अंथरून तिच्यावर आडव्या झाल्या, कूस बदलून पाहिली, बोंडांवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "आता निजता येते." दुसऱ्या दिवशी फौजी काकांनी ती उलटी करून आधी मागचे टाके पाहिले, कारण त्यांच्या आईही वाकळी शिवत असत.

उरलेले निळे आणि केशरी तुकडे मोजले आहेत. धाकटीच्या बहिणीचे बाळंतपण दिवाळीनंतर आहे, तेवढ्यात एक दुपटे निघेल.