निकाल उलटा करून बातमी वाचणे : वहीतली प्रगती

खेळाच्या बातमीत मैदानावर घडलेलं किती आणि निकाल कळल्यावर सुचलेलं किती, हे मी एका वहीत नोंदवतो. मागच्या वेळी बातम्यांतल्या विशेषणांखाली लाल रेघा मारत होतो. ते बंद केलं. 'धुव्वा', 'निसटता', 'दणदणीत' हे क्रीडापानाचं मीठ आहे. पाच-शून्यला धुव्वा नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? खरी गंमत कारणांत असते. 'संयम राखल्याने', 'दडपणाखाली', 'अनुभवाच्या जोरावर' असले शब्द हळूच येतात आणि सामन्याची गोष्ट करून टाकतात.

आता कसोटी एकच. मनातल्या मनात निकाल उलटा करायचा आणि बातमी पुन्हा वाचायची. टिकलं ते वाक्य मैदानावरचं, मोडलं ते निकाल कळल्यावर सुचलेलं.

कोल्हापुरातल्या शाहू स्टेडियमवरच्या टायब्रेकरपर्यंत गेलेल्या फुटबॉल सामन्यांना ही कसोटी फार लागू पडते. पूर्ण वेळ गोलशून्य. दुसऱ्या दिवशी छापून येतं की जिंकलेल्यांनी 'चिवट बचाव' केला, हरलेल्यांनी 'सोप्या संधी दवडल्या'. अहो, गोल दोघांनीही केला नव्हता! एक पेनल्टी खांबाला लागली म्हणून आधीच्या सगळ्या खेळाचे गुण बदलले.

मग जुनी कात्रणं काढली. पॅरिस ऑलिंपिक, १ ऑगस्ट २०२४, कांबळवाडीचा नेमबाज स्वप्निल कुसाळे याचं ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमधलं कांस्य. गुडघ्यावर बसून झालेल्या फेरीनंतर सहावा, झोपून झाल्यावर पाचवा, शेवटी ४५१.४ गुणांसह तिसरा. एवढं आकडे सांगतात. 'संयम' आकड्यांत कुठं नाही. चौथा आला असता तर हीच चढण 'संथ सुरुवात भोवली' झाली असती, आणि ही कल्पना उगाच नाही. तीनच दिवस आधी १० मीटर एअर रायफलमध्ये अर्जुन बबुटा २०८.४ गुणांवर चौथा राहिला. प्रकार वेगळा, गुणांची तुलना होत नाही, पण चौथ्या नंबराला 'दडपण' किती पटकन चिकटतं ते बघायला दोघांची कात्रणं शेजारी ठेवावीत.

इथंच कसोटीला भोक सापडलं. स्वप्निल तेव्हा रेल्वेत टीसी, धोनीही एकेकाळी टीसी. दोन्ही खरं, निकाल उलटला तरी खरंच. पण पदक हुकलं असतं तर मथळ्यात धोनी आला असता का? म्हणून वहीत तिसरा रकाना पाडला : 'टिकतं, पण आलं नसतं'. सध्या सगळ्यात जास्त मजा याच रकान्यात येते. खोटं एक अक्षर न लिहिता फक्त निवडीतून गोष्ट कशी रचली जाते, ते तिथं दिसतं.

फजितीही सांगतो. आमच्या पेठेच्या संघाची एक बातमी मला एकदम स्वच्छ वाटली. दुसऱ्या पेठेतल्या मित्राला तीच दिली, तर रंकाळ्यावर बसून भेळ संपायच्या आत त्यानं चार वाक्यांवर फुल्या मारल्या. म्हणाला, "भावा, आधी तुझा चष्मा काढ." तीन फुल्या मान्य कराव्या लागल्या.

तेव्हापासून संघांची नावं काळ्या मार्करनं खोडून झेरॉक्स काढतो, एक प्रत त्याला, एक मला. खुणा आधीपेक्षा जास्त जुळतात. भांडण उरलंय ते 'हुकमी' या शब्दावर. मी म्हणतो, ज्याचे मागचे गोल मोजता येतात त्याला हुकमी म्हणणं मैदानावरचं. तो म्हणतो, हुकलेले कोण मोजतंय? त्यामुळं पुढच्या हंगामात स्टेडियमवर जाताना वही घेऊन जाणार आणि हुकलेले फटकेही लिहिणार. आमच्या पेठेचेसुद्धा.