टीएटीचं दुसरं कार्ड आणि माझं चुकलेलं स्कोअरिंग

मानसशास्त्राच्या एमएच्या दुसऱ्या वर्षी प्रॅक्टिकलसाठी मला टीएटी घ्यायची होती, म्हणजे थीमॅटिक अ‍ॅपरसेप्शन टेस्ट: चित्राचं कार्ड दाखवायचं, समोरच्याने त्यावर गोष्ट सांगायची आणि त्या गोष्टीतून माणूस समजून घ्यायचा. कार्डं १०, आणि गोष्टी सांगायला तयार झालेल्या चाळिशीच्या एक ताई. गोष्टी शब्दन् शब्द उतरवणं, पहिला शब्द यायला किती सेकंद लागले ते टिपणं, इथवर जमलं. अडले ते स्कोअरिंगला, म्हणजे गोष्टींतल्या गरजांना आकडे द्यायला.

दुसऱ्या कार्डात शेत आहे. पुढे हातात पुस्तकं घेतलेली मुलगी, मागे राबणारा पुरुष, बाजूला झाडाला टेकून उभी बाई. ताईंच्या गोष्टीत मुलगी शहरात शिकायला जाते. मी मुलीला नायिका धरलं आणि ही चाचणी बनवणाऱ्या मरेंच्या १ ते ५ च्या (५ म्हणजे सर्वात तीव्र) मोजपट्टीवर 'यशाची गरज' ५ लावून मोकळी झाले.

मॅडमनी वही परत दिली. "या कार्डावर शिक्षणाची गोष्ट पुष्कळ जण सांगतात, चित्रच तसं आहे. यांनी पदरचं काय घातलंय ते बघ."

पुन्हा वाचलं तेव्हा दिसलं. मुलीच्या वाट्याला दोन वाक्यं, झाडाजवळच्या बाईच्या वाट्याला नऊ. तिने पाटल्या मोडून फी भरलेली. मुलगी गेल्यावर ती "अंधार पडेस्तोवर तिथंच" उभी. गोष्ट तिच्या डोळ्यांनी चालली होती! १९४३ च्या मॅन्युअलमध्ये हेन्री मरे सांगतात ते हेच: आधी नायक ठरवा, मग त्याच्या गरजा आणि त्याच्यावर बाहेरून येणारे दाब. माझा नायकच चुकला, म्हणजे खालचे सगळे आकडे गेले. दहाही गोष्टी नव्याने केल्या, दोन रात्री लागल्या. पहिल्या कार्डावरच्या मुलाचं व्हायोलिनसुद्धा आईने उसनवारी करून आणलेलं निघालं. अशा चार गोष्टी.

'ही गोष्ट सुचली कुठून?' हे शेवटी विचारायचं असतं, ते माझ्याकडून राहिलं होतं. परत गेले. चारातली एक टीव्ही मालिकेतली होती, ती बाजूला काढली. झाडाजवळच्या बाईचं विचारलं तेव्हा ताई बराच वेळ गप्प बसल्या, मग "आमच्या आत्या" एवढंच म्हणाल्या.

अहवालात आधी लिहिलेलं 'त्यागी स्वभाव' मी खोडलं. इतक्याशा आधारावर माणसाला असं लेबल लावायचा मला अधिकार नाही. त्या जागी लिहिलं: तीन गोष्टींत मोठी बाई धाकट्यांसाठी स्वतःचं मोडते किंवा उसनं आणते, आणि तिन्ही गोष्टींत तिला कुणी काही परत देत नाही, मुलाखतीत याविषयी विचारावं.