साडेबारा टक्क्यांचा भूखंड : माझा अनुभव

नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील ८६ गावांच्या जमिनी घेण्याची अधिसूचना १९७० साली निघाली, तेव्हा करावे गावातील आमच्या आजोबांची वीस गुंठे भातशेती त्यात गेली. त्या जमिनीच्या बदल्यात तिच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मिळण्याचा दावा आजोबांच्या आणि पुढे वडिलांच्या मृत्यूमुळे रखडला होता, तो मी हाती घेतला.

पहिली अडचण निवाड्याच्या, म्हणजे भूसंपादनाच्या आदेशाच्या, नकलेतच निघाली. सातबाऱ्यावर आजोबांच्या वडिलांचे जे नाव होते, त्याच्या जागी निवाड्यात त्यांच्या चुलत्याचे नाव लिहिलेले होते आणि त्याखाली कुणीतरी पेन्सिलीने बारीक फुली मारून ठेवली होती. म्हणजे ही चूक पूर्वीही कुणाच्या तरी नजरेस आली होती, पण दुरुस्त कुणीच केली नव्हती. जुने फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदी, काढून नाते सिद्ध करण्यात पाच महिने गेले. दिवाणी न्यायालयाच्या वारस दाखल्यासाठी सर्व वारसांची संमती हवी होती, म्हणून जासईला दिलेल्या आत्याकडे गेलो.

सही करण्यापूर्वी आत्याने मला तासभर बसवून दि. बा. पाटलांविषयी सांगितले. १९२६ साली जासईच्याच शेतकरी घरात जन्मलेला हा माणूस वकील झाला, शेतकरी कामगार पक्षातर्फे पनवेलमधून पाच वेळा आमदार आणि कुलाबा लोकसभा मतदारसंघातून दोनदा खासदार झाला, विधानसभेत विरोधी पक्षनेताही होता. तरीही गावाला ते ‘दिबा’च. दिबांच्या नेतृत्वाखाली या भूसंपादनाविरुद्ध झालेल्या जानेवारी १९८४ च्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकऱ्यांचे प्राण गेले, त्या दिवसांबद्दल मात्र ती फारसे बोलली नाही; दास्तान फाट्याच्या दिशेने हात करून गप्प राहिली. विकसित जमिनीत शेतकऱ्याला वाटा मिळावा, ही मागणी त्या लढ्यातून पुढे आली आणि १९९० च्या दशकात शासननिर्णयांनी योजनेच्या रूपाने उतरली. मी तोवर या योजनेला सरकारी सवलतच समजत होतो, हे कबूल केले पाहिजे.

दाखला मिळाल्यावर पात्रता, सोडत, इरादापत्र (भूखंड देण्याचे प्राथमिक पत्र) हे टप्पे तुलनेने सुरळीत पार पडले. कागदपत्रांची एक प्रत घरी ठेवण्याची सवय मात्र कामी आली, कारण एका टेबलावरून आमची संचिका चक्क दोनदा गहाळ झाली.

वाटपपत्र आले त्या संध्याकाळी आईने विचारले, “एकशे सत्याहत्तर चौरस मीटर म्हणजे गुंठे किती?” साडेबारा टक्क्यांतून सार्वजनिक सुविधांसाठी तीस टक्के वजा होतात, म्हणून प्रत्यक्षात पावणेनऊ टक्केच हाती येतात, हे मी तिला कागदावर मांडून दाखवले. तिने कागद पाहिला नाही. “पावणेदोन,” ती म्हणाली, “तेवढ्यात आपला भाताच्या रोपांचा राब व्हायचा.”