दोघांचा टेंट आणि जांभ्याचा माळ : तयारीची तिसरी नोंद

मागच्या नोंदीत बूट आणि सॅक झाले. या खेपेला फक्त टेंट. सहा आठवडे त्यातच गेले.

आधीच्या नोंदी ज्यांनी वाचल्या नाहीत त्यांच्यासाठी: आम्ही नवरा-बायको, बेळगावात शहापूरला राहतो. संक्रांत झाली की पायी निघायचं. देवरवाडीच्या वैजनाथाला नारळ फोडून महिपालगड, मग गंधर्वगड, कालानंदीगड, पारगड, आंबोली, रांगणा आणि शेवटी विशाळगड-पन्हाळा. रोज १४-१५ किलोमीटर धरले आहेत, म्हणजे वीसेक दिवस. कणकुंबी-भीमगडाची बाजू का सोडली, असं दोघातिघांनी विचारलं. माझं मन तिकडंच होतं, पण अभयारण्यात परवानगीशिवाय मुक्काम करता येत नाही. याच कारणानं राधानगरीच्या पट्ट्यातही आमचा टेंट सॅकमध्येच राहील आणि मुक्काम गावात होईल.

सासूबाईंचा पहिला प्रश्न होता, "वाटेत देवळं काय कमी आहेत? कशाला गं हे वझं?" प्रश्न रास्त आहे. एकटा गडी सभामंडपात अंथरूण टाकून मोकळा होतो, जोडप्याला ते जमत नाही. मागच्या हिवाळ्यात चंदगडकडं एका गावात लोकांनी फार मायेनं ठेवून घेतलं. ह्यांची सोय देवळात, माझी एका घरात बायकांमध्ये. जेवण, पांघरूण, कशालाच कमी नव्हतं. पण ह्यांच्या टाचेला फोड आला होता आणि तो मला सकाळी निघताना कळला. तोवर फुटून बूट लाल झाला होता. रात्री एका छपराखाली असतो तर वेळेवर पट्टी लागली असती. टेंट घ्यायचाच, हे त्या दिवशी ठरलं.

सुरुवात गच्चीवर केली. कंपन्यांनी दिलेली मापं खडूनं फरशीवर आखली आणि मॅट टाकून दोघं आत झोपलो. ज्यांना टेंट घ्यायचा आहे त्यांनी हे नक्की करावं, एक पैसा लागत नाही. 'टू पर्सन' या शब्दावरून काहीच कळत नाही. एमएसआर कंपनीचा हबा हबा सरळ आयत आहे, २१३ बाय १२७ सेंटिमीटर. बिग अ‍ॅग्नेसचा कॉपर स्पर डोक्याकडं १३२ आणि पायाकडं १०७, लांबी २२४. झेडपॅक्स डुप्लेक्स ११४ रुंद. आता मॅट धरा. साधी मॅट ५१ सेंटिमीटरची, म्हणजे दोन मिळून १०२. ती सगळीकडं बसते. पण ह्यांचे खांदे रुंद, त्यांना ६४ ची मॅट लागते. ६४ आणि ५१ मिळून ११५. डुप्लेक्समध्ये कड दुमडते. कॉपर स्परमध्ये खांद्याकडं ऐसपैस, पण पायाकडं मॅट एकमेकींवर चढतात. रुंद मॅट पायाकडं निमुळती घेतली तर तोही प्रश्न सुटतो. दोघांनाही ६४ च्या चौकोनी मॅट हव्या असतील, तर १२८ झाले, मग हबा हबाही एका सेंटिमीटरनं कमी पडतो.

लांबीचं गणित उंच माणसानं वेगळं करावं. हे पाच फूट अकरा इंच. जमिनीवर २१३ भरपूर वाटतात, पण कापड तिरकं उतरतं आणि मॅट जाड असली की माणूस चार बोटं वर उचलला जातो. पायाकडची भिंत जितकी उभी, तितकी कामाची लांबी जास्त.

दुसरी चाचणी येळ्ळूरला, मामांच्या शेतात, राजहंसगडाच्या पायथ्याशी. भात कापून झालेलं, जमीन अजून ओली. मित्राकडून मागून आणलेला एकाच दाराचा टेंट होता. ह्यांना रात्री दोनदा उठावं लागतं आणि दार माझ्या बाजूला. दोन्ही वेळा माझी झोप मोडली, आणि मला उठवावं लागतं म्हणून दुसऱ्या वेळी ते बराच वेळ तसेच पडून राहिले. हे मला फार लागलं. वीस रात्री असं चालणार नाही. दोन दारं हवीतच. दोघांनी आपापल्या दाराबाहेर बूट आणि सॅक ठेवायच्या, आत गर्दी होत नाही.

त्याच रात्री दहिवर म्हणजे काय तेही पाहिलं. आभाळ निरभ्र, वारा नाही, शेजारी ओढा. अशा रात्री वरचं कापड आपली उष्णता आभाळाला देत हवेपेक्षा गार होतं, आणि मग बाहेरून दव, आतून आमच्या दोघांच्या श्वासाची वाफ. पहाटे आतून पुसलं तर फडकं पिळून अर्धी वाटी पाणी निघालं. मात्र इनर, म्हणजे आतला टेंट, वेगळा होता, त्यामुळं स्लीपिंग बॅगा कोरड्या. एकाच कापडाचा टेंट असता तर कूस बदलताना दोघांपैकी कुणाची तरी बॅग भिजलीच असती. फ्लाय, म्हणजे ते वरचं कापड, नायलॉनचा होता आणि ओला नायलॉन ताणतो; पहाटे तीनला तो सैल पडून इनरला टेकला, बाहेर जाऊन दोऱ्या ओढाव्या लागल्या. पॉलिस्टर असा सैल पडत नाही. दुसऱ्या रात्री तोच टेंट वर बांधाजवळ आंब्याखाली लावला, तर पाणी जवळजवळ नव्हतं. वर फांद्यांचं छप्पर, आणि ओढ्याकाठची गार हवा तिथवर चढत नाही.

तिसरी चाचणी जांबोटीजवळ, ओळखीच्यांच्या माळावर. ट्रेकिंगच्या काठ्यांवर उभा राहणारा टेंट पुण्याच्या मैत्रिणीनं वापरायला दिला होता. माझा कल पूर्ण त्याच्याकडं होता. दोघांकडं मिळून चार काठ्या असतातच, वेगळे पोल वाहायला नकोत, वजन सरळ कमी. येळ्ळूरच्या मातीत तो सुरेख उभा राहिला असता. जांभ्यावर एकही पेग, म्हणजे टेंटची खुंटी, दोन बोटांपलीकडं गेला नाही. वरचा मातीचा पापुद्रा संपला की खाली कातळ. दोन पेग वाकले. मग दगड गोळा करून दोऱ्या गुंडाळल्या. एकेका कोपऱ्याला डोक्याएवढा दगड, तोही धारदार नको, नाहीतर दोरी कापते. पाऊण तास गेला, आणि रात्री वारा सुटल्यावर एक दगड सरकला तशी ती बाजू आत आली.

तो टेंट वाईट नाही. माती असलेल्या मुलखात मी तोच घेईन. पण आंबोली, पारगड हा सगळा जांभ्याचा मुलूख. तिथं आधी आपल्या पोलवर उभा राहणारा आणि मग दगडांनी स्थिर करायचा टेंट हवा. दिवसभर चालून आल्यावर अंधारात दगड शोधत फिरायची ताकद दोघांतही उरत नाही.

म्हणून ठरलं: स्वतःच्या पोलवर उभा राहणारा, सरळ आयताचा, दोन दारांचा, इनर-फ्लाय वेगळे, फ्लाय पॉलिस्टरचा. काठ्यांच्या टेंटपेक्षा सहाशे ग्रॅम जास्त. त्यावर आमचा थोडा वाद झाला. हे वजनाच्या बाजूनं, मी झोपेच्या. वाणसामानाच्या दुकानातल्या काट्यावर वाटणी करून पाहिली तेव्हा ते मानले: फ्लाय आणि पोल त्यांच्याकडं, इनर आणि पेग माझ्याकडं, माझा वाटा सातशे ग्रॅमच्या आत. ओला फ्लाय इनरपासून लांब, दुसऱ्याच सॅकमध्ये राहतो हा वरचा फायदा.

टेंट मागवला आहे. तोवर चारही कोपऱ्यांसाठी दोन-दोन मीटर जादा दोरी कापून ठेवली, टोकं मेणबत्तीवर वितळवून घेतली. वाकलेले पेग मैत्रिणीला नवे आणून दिले. पुढच्या शनिवारी पुन्हा जांबोटीला जाऊ. बॅटरी न लावता, एकदा त्यांनी एकट्यानं आणि एकदा मी एकटीनं टेंट उभा करायचा आहे. दोघांपैकी एकाला ताप आला तर दुसऱ्याला ते जमायला हवं.